शेवटचा स्वल्पविराम

प्रश्न : ताई, मी पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकतोय. आजोबांच्या भजनी मंडळासाठी वर्गणीदारांची यादी छापणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला. लिस्ट तशीच प्रिंट केली तर चौकटी कंस आणि अवतरणचिन्हंही छापून येतात. लूप लावून प्रत्येक नावापुढे स्वल्पविराम जोडला, तर शेवटच्या नावापुढेही एक लोंबकळत राहतो. आजोबा म्हणाले, "पुढचं नाव खाल्लंस का?"
– एक वाचक, सातारा

उत्तर : आजोबांना माझा नमस्कार सांग, त्यांची नजर पक्की आहे. "प्रत्येक नावानंतर स्वल्पविराम" असं तू सांगितलंस आणि कॉम्प्युटरने ते ऐकलं. पण स्वल्पविराम नावाचा नसतोच, दोन नावांमधल्या फटीचा असतो. त्यासाठी पायथॉनमध्ये जॉइन ही जोडणारी आज्ञा आहे. गंमत म्हणजे ते लिस्टचं नाही, स्ट्रिंगचं, म्हणजे अवतरणातल्या मजकुराचं. आधी अवतरणात स्वल्पविराम आणि स्पेस, मग टिंब, जॉइन, आणि कंसात लिस्ट. मला हे कितीतरी दिवस उलटं वाटायचं. पण त्यामुळेच कंसात लिस्ट, टपल (न बदलता येणारी यादी), फाइलमधल्या ओळी, काहीही चालतं.

आतला प्रत्येक घटक मात्र स्ट्रिंगच हवा. वर्गणीचे 501, 251 असे आकडे दिलेस की टाइपएरर, म्हणजे चुकीच्या प्रकाराची तक्रार. आधी मॅपने सगळ्यांना एसटीआर लावून घे, म्हणजे प्रत्येक आकड्याची स्ट्रिंग होईल.

शेवटी "आणि" हवं असेल तर शेवटचं नाव सोडून बाकीची जॉइन कर, मग "आणि" घालून ते जोड. एकच नाव असेल तर "आणि" अधांतरी राहील. यादी रिकामी असेल तर शेवटचं नाव मागताच इंडेक्सएरर. एवढं आधी तपास. जावास्क्रिप्टमध्ये हे आयतं मिळतं : लिस्टफॉरमॅटला मराठीचा 'एमआर' हा कोड दिला की ते "आणि" स्वतःच घालतं.

तू विचारलं नाहीस, पण पुढे अडशील म्हणून सांगते. नावापुढे रक्कम असा तक्ता एलजस्टने, म्हणजे नावामागे ठरावीक रुंदीपर्यंत स्पेस भरणाऱ्या आज्ञेने, करायला जाऊ नकोस. ते डोळ्यांना दिसणारी अक्षरं मोजत नाही, कॉम्प्युटर अक्षरं ज्या सुट्या चिन्हांत साठवतो ती युनिकोडची चिन्हं मोजतं. "क्षितिज" आपल्याला तीन अक्षरी, पायथॉनला सात : क, हलन्त, ष, वेलांटी, त, वेलांटी, ज. आमच्या सोसायटीच्या मेंटेनन्सची यादी मी अशीच छापली होती. क्षीरसागरांची रक्कम जोशींच्या डावीकडे सरकलेली! दोन संध्याकाळी स्पेस मोजण्यात गेल्या. शेवटी नाव आणि रकमेच्या मधे टॅब घालून जॉइन केलं आणि फाइल सरळ एक्सेलमध्ये उघडली.