मधलं घ्यावं की टॉप? सेडानच्या दोन लाख दहा हजारांचा हिशोब

नाशिकच्या एका वाचकांचं पत्र आलंय. थोडक्यात असं:

"मी ४१ वर्षांचा, अंबडच्या एका कारखान्यात नोकरीला. पत्नी शिक्षिका. दोघांचे मिळून महिन्याला १ लाख ४५ हजार हातात येतात. घराचा हप्ता ३१ हजार, एसआयपी १५ हजार, मुलीच्या क्लाससकट घरखर्च ६० हजार. मुलगी नववीत आहे. एफडी ६ लाखांची. २०१४ ची डिझेल हॅचबॅक देऊन २ लाख ४० हजार मिळतायत. पाडव्याला सेडान घ्यायचीय. एक्स-शोरूम भाव असे: बेस मॅन्युअल १२ लाख, मधलं मॅन्युअल १३.३० लाख, मधलं ऑटोमॅटिक १४.५० लाख, टॉप ऑटोमॅटिक १६.६० लाख. बेसला ऑटोमॅटिक येत नाही. सनरूफ आणि ॲडास (चालवताना मदत करणारी सुरक्षा यंत्रणा) हवंय, ते फक्त टॉपला आहे. गाडी निम्मा वेळ पत्नी चालवेल, आणि बाबांना महिन्यातून एकदा पुण्याला तपासणीला न्यावं लागतं. एफडीतले अडीच लाख भरणार आहोत. शोरूमवाले म्हणतात, सात वर्षांचं कर्ज केलं तर टॉपचा हप्ता फक्त २३ हजार बसतो. जीएसटीमुळे पन्नासेक हजार वाचलेच आहेत, मग एकदाच चांगली गाडी घ्यावी का? हप्ता जड गेला तर उरलेली एफडी आहेच."

नमस्कार. मधलं ऑटोमॅटिक घ्या आणि कर्ज पाच वर्षांचं करा. माझं उत्तर एवढंच आहे. पण हे घरी पटवायचं म्हणजे कागदावर आकडे लागतील, म्हणून बाकीचं लिहितो. गाडीचं नाव मी गाळलंय. सिटी, वर्ना, स्लाविया, व्हर्टस, यातली कुठलीही घ्या, हिशोबाची तऱ्हा तीच राहते.

मधल्या आणि टॉपमधला फरक २ लाख १० हजारांचा आहे, असं तुम्ही धरून चालला आहात. शोरूमच्या दारातून बाहेर पडेपर्यंत तो तेवढा राहत नाही. महाराष्ट्रात स्वतःच्या नावावरची पेट्रोल गाडी १० ते २० लाखांच्या टप्प्यात असेल तर १२ टक्के रस्ता कर बसतो. म्हणजे सनरूफवरही कर, थंड हवेच्या सीटवरही कर. तो झाला २५,२०० रुपये. विम्याचं तसंच. नव्या गाडीची आयडीव्ही (विम्यापुरती धरलेली गाडीची किंमत) एक्स-शोरूम किमतीतून पाच टक्के वजा करून धरतात, त्यामुळे किंमत चढली की स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा हप्ताही चढतो. तिथे सातेक हजार धरा. झाले २ लाख ४२ हजार. हे सगळे कर्जातूनच येणार, कारण हातचे पैसे दोन्हीकडे तेवढेच भरताय. ९ टक्क्यांनी पाच वर्षं फेडलेत तर या एका फरकापोटी महिन्याला ५ हजार आणि एकूण ३ लाखांच्या वर जातात.

१० लाखांच्या वरच्या गाडीला एक टक्का टीसीएसही (विक्रेत्याने आगाऊ वसूल केलेला आयकर) लागतो. तो मात्र खर्च नाही. तुमच्या पॅनवर जमा होतो, रिटर्न भरताना वळता करून घ्या. ऑफिसात आधी कळवलंत तर पगारातून कापायच्या टीडीएसमध्येही धरतात. बरेच जण हे विसरतात आणि पंधरा हजार सरकारकडे पडून राहतात.

आता जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून तुमच्या गटातल्या गाडीवरचा एकूण कर ४५ टक्क्यांवरून ४० वर आला, हे खरं. (चार मीटरच्या आतल्या छोट्या पेट्रोल गाड्यांना १८ टक्के लागतो. या सेडान साडेचार मीटरच्या आसपास, त्यामुळे इंजिन हजार सीसीच्या आतलं असलं तरी त्या ४० टक्क्यांतच.) आधी १५ लाखांना असलेली गाडी या हिशोबाने साडेचौदाच्या जवळ येते. पण ते पन्नास हजार तुमच्या खात्यात जमा झालेले नाहीत. भाव उतरला, एवढंच झालं. आंबा पेटीमागे शंभर रुपयांनी उतरला म्हणून आपण दोन पेट्या उचलतो आणि घरी येऊन सांगतो की पैसे वाचवले, त्यातला हा प्रकार आहे.

खरी मेख सात वर्षांच्या कर्जात आहे, तिथे जरा थांबू.

मधलं ऑटोमॅटिक रस्त्यावर येईपर्यंत साधारण १६ लाख ९० हजारांना पडेल. जुन्या गाडीचे २.४० आणि एफडीतले २.५० वजा जाता कर्ज १२ लाख. पाच वर्षांचा हप्ता सुमारे २४,९००. टॉपचं कर्ज १४ लाख ४० हजार. सात वर्षांचा हप्ता सुमारे २३,२००. दोन हप्ते शेजारी शेजारी लिहून दाखवले की महाग गाडी स्वस्त दिसते! सेल्समन खोटं काहीच बोलला नाही. फक्त व्याज त्या कागदावर नव्हतं. पहिल्यात पाच वर्षांचं व्याज २ लाख ९५ हजार होतं, दुसऱ्यात सात वर्षांचं ५ लाख ६ हजार.

आणि ती दोन जादा वर्षं नेमकी कुठली, ते बघा. मुलगी आता नववीत. पाच वर्षांचं कर्ज ती बारावीनंतरच्या दुसऱ्या वर्षाला असताना संपतं. सात वर्षांचं संपेल तेव्हा ती चौथ्या वर्षाला असेल. कॉलेजची फी, हॉस्टेल, लॅपटॉप, हे सगळं सुरू असताना तुम्ही गाडीचा हप्ताही भरत असाल, आणि गाडी तोवर सात वर्षं जुनी झालेली असेल.

टॉपही पाच वर्षांतच फेडू म्हणाल, तर हप्ता जातो २९,९०० वर. घराचे ३१ हजार धरून दोन्ही हप्त्यांत महिन्याच्या पगारातले ४२ टक्के गेले. मधल्याला हेच ३९ टक्क्यांच्या आत राहतं. तीन टक्के म्हणजे काही फार नाही, असं वाटेल. पण हप्ते, एसआयपी आणि घरखर्च जाऊन मधल्यात महिन्याला १४ हजार उरतात, टॉपमध्ये नऊ. महिन्याला ९०० किलोमीटर धरले तर या गाडीला सहा-साडेसहा हजारांचं पेट्रोल लागेल, त्यातलं थोडं जुन्या डिझेलच्या खर्चातून सुटेल. शाळेची सहल आणि एखादं लग्न एकाच महिन्यात आलं की पहिली कात्री एसआयपीला लागते. हे मी अंदाजाने लिहीत नाही, माझ्याकडे येणाऱ्यांच्या स्टेटमेंटांत दर वर्षी बघतो.

एवढं झाल्यावर त्या २ लाख १० हजारांत येतं काय, ते बघू. ब्रोशरच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांचा तक्ता असतो, टिकमार्क आणि आडव्या रेघांचा. तो घेऊन बसा आणि मधल्याला रेघ पण टॉपला टिकमार्क आहे, अशाच ओळी पेनाने अधोरेखित करा. तुम्ही पाठवलेल्या फोटोत मी तेच केलं. निघालं ते असं: सनरूफ, ॲडास, थंड हवेच्या पुढच्या सीट, मोठा स्क्रीन, आठ स्पीकर, चौफेर कॅमेरा, लेदरसारखं सीटचं कापड, १५ ऐवजी १६ इंची अलॉय. यातलं तुम्हाला नक्की काय हवंय? पत्रात तुम्ही दोनच गोष्टींचा उल्लेख केलाय, सनरूफ आणि ॲडास. कंपनी नेमकं हेच करते. हवी असलेली एक-दोन सगळ्यात वरच्या पायरीवर ठेवते आणि तिच्याबरोबर नको असलेल्या पाच-सहा बांधून देते. सुट्या मिळत नाहीत.

सनरूफबद्दल माझा अनुभव ऐका. मागची गाडी मी टॉप मॉडेलच घेतली होती, सल्ला द्यायचा धंदा असूनही. पहिल्या महिन्यात मुलं वर डोकं काढून उभी राहिली, मी ओरडलो, ते तिथंच संपलं. चौथ्या पावसाळ्यात कोथरूडला सिग्नलवर उभा असताना आतल्या दिव्याच्या कडेने मांडीवर थेंब पडायला लागले. मेकॅनिकने काचेभोवतीच्या पन्हळीतून चिमटीने कडुनिंबाच्या काड्या ओढून काढल्या. पाणी खाली नेणारी नळी त्यांनी चोंदली होती. गाडी विकायला काढली तेव्हा तीन जण बघून गेले. तिघांनी वर्ष विचारलं, किलोमीटर विचारले, टायर दाबून बघितले, ऑटोमॅटिक आहे का विचारलं. सनरूफ कुणी उघडूनसुद्धा पाहिलं नाही. विम्याच्या तक्त्यातही चार वर्षं उलटून पाचवं चालू असेल तर घसारा ५० टक्के, बेसला तेवढाच आणि टॉपलाही तेवढाच. मग रुपयांत जास्त कुणाचं बुडतं ते सांगायला नको.

ॲडासला मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. पुढच्या गाडीपासून अंतर राखणं, वेळेला स्वतः ब्रेक लावणं, ही कामाची गोष्ट आहे. तुम्ही दर आठवड्याला समृद्धीवरून नागपूरकडे जात असता तर मी कदाचित उलटं लिहिलं असतं. पण महिन्यातून एकदा पुणे आणि बाकी वेळ कॉलेज रोड, द्वारका सर्कल, यासाठी सव्वादोन-अडीच लाख? शिवाय काचेमागचा कॅमेरा आला की खडा लागून काच बदलावी लागली तर नवी काच बसवून भागत नाही, कॅमेराही पुन्हा जुळवून घ्यावा लागतो, आणि तो खर्च वेगळा.

सुरक्षिततेचं त्याहून आधी बघायचं ते वेगळंच. सहा एअरबॅग सक्तीच्या होणार अशी चर्चा खूप होती, पण सप्टेंबर २०२३ मध्ये नितीन गडकरींनी सक्ती करणार नसल्याचं सांगितलं. त्यामुळे एअरबॅग किती, ही ओळ प्रत्येक व्हेरिएंटसमोर वाचायलाच हवी. २०२३ ची वर्ना आली ती सगळ्या व्हेरिएंटना सहा घेऊन, त्याच वर्षीच्या सिटीत मात्र खालच्यांना चार होत्या. तुमच्या गाडीत बेसपासून सहा आहेत आणि ईएससीही (गाडी घसरताना सावरणारी यंत्रणा) आहे. नसत्या तर मी तुम्हाला त्यांच्यासाठी एक पायरी वर चढा म्हटलं असतं, कारण एअरबॅग आणि गिअरबॉक्स नंतर बाजारातून बसवता येत नाहीत. स्क्रीन, कॅमेरा, अलॉय, सीट कव्हर बसवता येतात. (बसवताना वायरिंग कापू देऊ नका, कपलरवर जोडणारा माणूस शोधा. नाहीतर वॉरंटीच्या वेळी त्या कापलेल्या वायरीवर बोट ठेवलं जातं.)

आता तुम्ही विचाराल, मग हाच नियम लावून बेसच का नको? रास्त प्रश्न आहे. वहिनींना क्लच चालत असता तर मी बेसच सांगितलं असतं, वर कॅमेरा बाहेरून बसवायला लावला असता. मधलं मॅन्युअल तर या यादीतलं सगळ्यात निरर्थक आहे, १ लाख ३० हजार देऊन मिळतं ते बरंचसं बाहेर मिळतं. पण रोज शाळेच्या वेळेला त्या गर्दीतून गाडी त्या काढणार आहेत. गिअरबॉक्सचे १ लाख २० हजार त्यांच्या डाव्या गुडघ्यासाठी आहेत, आणि गुडघा काही बाजारात बदलून मिळत नाही. म्हणजे मिळतो, पण त्याचा खर्च वेगळ्या पत्राचा विषय आहे.

गुडघ्यावरून आठवलं. बाबांना शोरूमला घेऊन जा. मागच्या सीटवर बसवा, उतरवा, परत बसवा. सेडानची सीट खाली असते आणि ती उंची व्हेरिएंट बदलून वाढत नाही. बाबांना दरवाजाची चौकट धरून उठावं लागलं तर मधलं-टॉप हा वादच बाजूला ठेवा आणि उंच गाड्या बघा.

एफडीतले साडेतीन लाख हलवू नका. हप्ता जड गेला तर एफडी आहे, असं तुम्ही लिहिलंय. घरखर्च आणि दोन्ही हप्ते मिळून तुमचा महिना १ लाख १६ हजारांचा होतो, त्यात ती एफडी जेमतेम तीन महिने पुरते. घरात ज्येष्ठ माणूस, महिन्याच्या तपासण्या, आणि हाताशी तीन महिने. हेच मला कमी वाटतं, तुम्ही त्यातून गाडी फेडायचं म्हणताय.

कोटेशन घेताना एकेक ओळ सुटी मागा. हँडलिंग, लॉजिस्टिक्स अशा नावाची रक्कम दिसली तर ती काढायला सांगा, तो काही सरकारी कर नाही. विमा शोरूममधूनच घ्यायचं बंधन नाही. बाहेरून झिरो डेपसकट (घसारा न कापता भरपाई देणारी जोड) दोन भाव काढा आणि तो कागद समोर ठेवा, बहुतेक वेळा तिथल्या तिथे आकडा उतरतो. चासिस नंबरवरून गाडी कुठल्या महिन्यात बनली ते विचारा. पाडव्याला गेल्या वर्षीची उभी गाडी देत असतील तर सूट त्या मानाने हवी.

बुकिंगच्या फॉर्मवर व्हेरिएंटचं पूर्ण नाव, ऑटोमॅटिक हा शब्द आणि रंग स्वतःच्या अक्षरात लिहा. आठवड्याभराने फोन येईल, "सर, त्या कलरमध्ये मधलं नाहीये, टॉप मात्र लगेच देतो, पाडव्याला दारात." तेव्हा दुसरा रंग सांगा.