डीसीसी हँडहेल्डवर स्पीड स्टेप १४, २८ की १२८ ठेवावेत?

मोतीबागच्या नॅरोगेज संग्रहालयातील इंजिनांच्या धर्तीवर आपण नागपुरात घरी मॉडेल रेल्वेची मांडणी उभारली आहे, ती डीसीसीवर (रुळांतून डिजिटल आज्ञा पाठवण्याच्या पद्धतीवर) चालते आणि हँडहेल्डचा, म्हणजे हातातील नियंत्रकाचा, नॉब फिरवताना इंजिन गचका देऊन सुटते व पुढचा दिवा लुकलुकतो, असे आपण लिहिले आहे. स्पीड स्टेप म्हणजे वेगाच्या पायऱ्या; माझी स्पष्ट शिफारस १२८ ची आहे.

आधी दिव्याचे पाहू. वेगाच्या आज्ञेतील एक बिट (० किंवा १ असा अंक) २८ स्टेपच्या पद्धतीत मधली पायरी दर्शवतो, पण १४ च्या पद्धतीत तोच दिव्यासाठी राखलेला असतो. त्यामुळे हँडहेल्ड २८ वर आणि डिकोडर (इंजिनातील आज्ञा वाचणारे सर्किट) १४ वर असल्यास वेगाच्या प्रत्येक पायरीला दिवा आळीपाळीने लागतो व विझतो. सीव्ही (डिकोडरमधील क्रमांकित सेटिंग) २९ मधील २ किमतीचा बिट चालू करावा, म्हणजे तेथे ४ असल्यास ६ लिहावे. हेच सेटिंग १२८ लाही चालते.

१२८ पैकी थांबा आणि आपत्कालीन थांबा वगळता वेगाच्या १२६ पायऱ्या उरतात. २८ मध्ये एक पायरी कमाल वेगाच्या सुमारे साडेतीन टक्के, तर येथे एक टक्क्याहूनही कमी असते, आणि संथ नॅरोगेज गाडीला हा फरक फार शोभतो.

तरीही सुटताना गचका राहिल्यास सीव्ही २ मधील प्रारंभीचा व्होल्टेज तपासावा आणि वेग किती हळूहळू वाढावा हे ठरवणारा सीव्ही ३ थोडा वाढवावा. मात्र त्याआधी रूळ व चाके पुसून घ्यावीत, कारण आपल्याकडील उन्हाळ्याच्या धुळीने तुटणारा विद्युतसंपर्क कोणत्याही सेटिंगने सुधारत नाही.