हॉस्पिटलात केस पेपर असताना वेगळी कॅन्सर रजिस्ट्री कशाला?

तुमचं म्हणणं असं की रुग्णाची सगळी माहिती हॉस्पिटलात असतेच, मग कॅन्सरच्या नोंदीसाठी वेगळी माणसं नि वेगळा खर्च कशाला? मी काही वर्षं हेच काम केलंय, म्हणून लिहितो.

हॉस्पिटल आलेले रुग्ण मोजतं. परळच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलात रांगा लागतात म्हणून मुंबईत कॅन्सर जास्त, असं म्हणता येत नाही, कारण त्या रांगेत कितीतरी जण बाहेरगावचे. रजिस्ट्री ठरावीक भागातल्या रहिवाशांचेच नवे रुग्ण धरते, मग उपचार कुठेही होवोत. तेव्हा कुठे ‘दर लाखामागे किती’ हे काढता येतं. देशातली अशी पहिली रजिस्ट्री मुंबईत इंडियन कॅन्सर सोसायटीने 1963 मध्ये उभारली. आयसीएमआरचा, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा, कॅन्सर नोंदणीचा राष्ट्रीय कार्यक्रम 1981 च्या अखेरीचा.

काम किचकट. रेकॉर्ड रूम, पॅथॉलॉजी लॅब, मृत्यू नोंदणीचं ऑफिस, सगळीकडे स्वतः जावं लागतं. एकच बाई बायॉप्सीच्या रिपोर्टवर माहेरच्या नावाने, रेडिएशनच्या कार्डावर सासरच्या. वय एकीकडे 48, दुसरीकडे 55. पत्ता भाच्याच्या लालबागच्या खोलीचा. आता ही केस एक की दोन? आणि धरायची गावात की मुंबईत? आजाराचं निदान होण्याआधी किमान वर्षभर जिथे राहिली, तिथली. ते शोधण्यात अख्खी दुपार जाते, पण रजिस्ट्रीची पत इथेच ठरते. सॉफ्टवेअर वगैरे नंतर.

खेड्यात तर वेगळीच अडचण. बाई दवाखान्यातच येत नाही, तर कागद कुठून येणार? बार्शीला 1987 मध्ये देशातली पहिली ग्रामीण रजिस्ट्री निघाली, बार्शी, भूम, परांडा तालुक्यांतली 346 गावं घेऊन. तिथली माणसं गावोगाव फिरली, लक्षणं समजावून सांगितली, संशय आला त्यांना तपासणीला आणलं. पुढे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या बाया आधीच्या टप्प्यात यायला लागल्या. म्हणजे नुसतं मोजायला गेले आणि जाताजाता उपचारही लवकर सुरू झाले!

याच पट्ट्यात, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, 1999 पासून सव्वा लाखाहून जास्त स्त्रियांचे चार गट करून मोठा अभ्यास झाला. एचपीव्ही म्हणजे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारण ठरणारा विषाणू; आयुष्यात एकदाच त्याची चाचणी केलेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू, तपासणी न केलेल्या गटाच्या मानाने, जवळपास निम्म्यावर आले. निकाल 2009 चा. कोणाला आजार झाला, कोण दगावलं, याचा वर्षानुवर्षं माग ठेवणारी यंत्रणा नसती तर हे कळलंच नसतं.

तुमच्या जिल्ह्याचा आकडा हवा असेल तर आधी तिथे रजिस्ट्री आहे का ते बघा. बऱ्याच जिल्ह्यांत नाहीये, तिथला आकडा शेजारपाजारच्या रजिस्ट्रीवरून बांधलेला अंदाज असतो.