मुरुमांवरचे प्रतिजैविक जेल : किती दिवस आणि कसे?

प्रश्न : माझ्या १९ वर्षांच्या मुलीला मुरुमांसाठी क्लिंडामायसिन जेल आणि बेंझॉइल पेरॉक्साइड अशी दोन औषधे दिली होती. दुसऱ्याने त्वचा कोरडी पडून आग होऊ लागली, म्हणून तिने ते बंद केले. जेल मात्र ती गेले दोन महिने फोड दिसेल तेवढ्यावरच लावते. तेच जेल तिने धाकट्या भावाच्या मांडीवरील खाजऱ्या चट्ट्यालाही लावले. हे असेच चालू ठेवले तर चालेल का?

उत्तर : नाही. सर्वांत आधी बंद केलेल्या औषधाविषयी लिहितो, कारण मला खरी काळजी त्याचीच वाटते. प्रतिजैविक एकटेच दीर्घकाळ लावले, तर त्याला बळी पडणारे जिवाणू मरतात, पण त्याला दाद न देणारे मागे उरून वाढत राहतात आणि काही महिन्यांत तेच जेल निरुपयोगी ठरते. बेंझॉइल पेरॉक्साइड जिवाणूंना निराळ्या मार्गाने मारते व त्याला ते सरावत नाहीत, म्हणूनच ही दोन औषधे जोडीने दिली जातात. आग होत असल्यास ते कायमचे सोडू नये. डॉक्टरांना विचारून २.५ टक्क्यांचे सौम्य औषध घ्यावे, सुरुवातीला एक दिवसाआड लावावे आणि सोबत मॉइश्चरायझर वापरावे. त्याने उशीचे अभ्रे आणि टॉवेल यांचा रंग उडतो, म्हणून ते पांढरे असलेले बरे.

जेल फोडापुरते लावू नये. मुरूम डोळ्यांना दिसण्याआधीच त्वचेच्या आत तयार होऊ लागलेला असतो. त्यामुळे चेहरा सौम्य साबणाने धुऊन, पूर्ण कोरडा करून, वाटाण्याएवढे जेल मुरूम येणाऱ्या सगळ्या भागावर पातळ पसरावे. डोळे, ओठ आणि नाकपुड्या टाळाव्यात. जाड थर दिल्याने गुण लवकर येत नाही, दाह मात्र वाढतो. फरक दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात, परंतु साधारण बारा आठवड्यांनंतर प्रतिजैविक थांबवून बेंझॉइल पेरॉक्साइड किंवा अडापालीनसारखे औषध पुढे चालू ठेवण्याची पद्धत आहे. मुलीचे दोन महिने झालेच आहेत, तेव्हा आता तपासणी करून घ्यावी.

मुलाच्या मांडीवरील चट्टा नायट्याचा असण्याची शक्यता बरीच आहे. नायटा बुरशीमुळे होतो आणि प्रतिजैविकाचा बुरशीवर काहीच परिणाम होत नाही. जेल थांबवून त्याला डॉक्टरांना दाखवावे. घरात उरलेले स्टेरॉइडमिश्रित मलम तर मुळीच लावू नये, कारण त्याने खाज दबते आणि नायटा आतून पसरत राहतो.

मुलीला पूर्वी आतड्यांच्या दाहाचा आजार झाला असेल, तर हे जेल वापरण्यापूर्वी डॉक्टरांना तसे सांगणे आवश्यक आहे. वापरताना सतत जुलाब होऊ लागले किंवा शौचातून रक्त पडले, तर जेल त्याच दिवशी बंद करून डॉक्टरांकडे जावे. हे क्वचित घडते. चेहऱ्यावर सूज आली, लाली झपाट्याने पसरली किंवा ताप आला, तरीही वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे.