बोल्ट थंड, कॉइल गरम

प्रश्न : बोल्ट तापवायला १२ व्होल्टच्या झेडव्हीएस सर्किटला (कॉइलच्या बदलत्या चुंबकीय क्षेत्राने धातू तापवणारा इंडक्शन हीटर; दोन आयआरएफपी २६० मॉस्फेट, म्हणजे स्विचसारखे चालणारे ट्रान्झिस्टर, आणि ०.३३ मायक्रोफॅरडचे ६ कपॅसिटर समांतर) ४ सेंमी पाइपवर ०.३ मिमी तारेचे २०० वेढे जोडले. वेढे जास्त, म्हणजे व्होल्टेज आणि उष्णता जास्त, असा हिशेब होता. बोल्ट थंडच, तारेच्या इनॅमलला मात्र जळका वास.

उत्तर : इथे जास्त व्होल्टेजचा उपयोग नाही. बोल्ट तापतो तो अँपिअर गुणिले वेढे आणि वारंवारता यांवर. पाव इंची तांब्याची नळी (एसी दुरुस्तीवाल्यांकडे मिळते) १ इंची जीआय पाइपवर ८ वेढे गुंडाळा, दोन वेढ्यांत २ मिमी फट ठेवा. इंडक्टन्स (प्रवाह बदलायला कॉइलचा विरोध) सुमारे १.२ मायक्रोहेन्री, वारंवारता १०० किलोहर्ट्झ, कॉइलमधला प्रवाह ५० अँपिअरच्या आसपास. तुमचे वेढे २५ पट, म्हणून इंडक्टन्स त्याच्या वर्गाने, ६२५ पट. वारंवारता ४ किलोहर्ट्झवर आली आणि प्रवाह २ अँपिअरवर. अँपिअर आणि वेढ्यांचा गुणाकार दोन्हीकडे ४००च, पण चुंबकीय क्षेत्र २५ पट सावकाश बदलते. शिवाय २५ मीटर बारीक तारेचा रोध ६ ओहम. उष्णता तिथेच मुरली.

नळी वाकवण्याआधी कोरडी बारीक वाळू ठासून भरा आणि टोके ठोकून बंद करा. रिकामी नळी चेपते, मग तिच्यातून थंड करायचे पाणी जात नाही. १०० किलोहर्ट्झचा प्रवाह तांब्याच्या वरच्या जेमतेम ०.२ मिमी थरातूनच वाहतो, त्यामुळे पोकळपणाने काही बिघडत नाही.

प्रश्न : नळीचीच कॉइल आहे, पण बोल्ट आत घातला की मॉस्फेट उडतात. सप्लाय १२ व्होल्ट, ५ अँपिअर.

उत्तर : दोष सप्लायचा. बोल्ट आत जाताच मागणी १० अँपिअरच्या वर जाते, व्होल्टेज कोसळते, प्रवाहाचे मागेपुढे होणारे आंदोलन थांबते. मग दोन्ही मॉस्फेट एकदमच चालू राहतात, आणि चोकमधून (सप्लायच्या वाटेतल्या कॉइलमधून) सरळ शॉर्ट. २० अँपिअरचा सप्लाय घ्या, वाटेत १५ अँपिअरचा फ्यूज टाका. स्विच डीसी बाजूला हवा: आधी सप्लाय सुरू, मग स्विच. व्होल्टेज हळू चढले तरी सर्किट असेच अडकते. कपॅसिटर पॉलिप्रॉपिलीनचेच घ्या, प्रत्येकातून ६ अँपिअर वाहतात. पॉलिस्टरचे तापून फुगतात. २४ व्होल्टवर जायचे असेल तर मॉस्फेटच्या ड्रेनवर (कॉइलला जोडलेल्या पायावर) ७५ व्होल्टची शिखरे येतील, गेटवर (चालू-बंद करणाऱ्या पायावर) १२ व्होल्टचे झेनर, म्हणजे व्होल्टेज मर्यादेत ठेवणारे डायोड, विसरू नका. हातातली अंगठी आधी काढा, तीही तापते.

प्रश्न : बोल्ट लाल होतो, पुढे तापतच नाही. करंटही उतरतो.

उत्तर : बिघाड नाही. ७७० अंशांच्या सुमारास लोखंडाचे चुंबकत्व जाते आणि उष्णता शोषणे मंदावते. पुढे न्यायचे तर बोल्टभोवती सिरॅमिक वूल गुंडाळा, बाहेर जाणारी उष्णता तरी अडेल.