ॲथलीट म्हणजे नुसता फिट माणूस नव्हे

प्रश्न आलाय की ॲथलीट म्हणजे नक्की कोण आणि त्याला मराठीत सरळ खेळाडू म्हटलं तर चालेल का.

आधी एक, "ती चांगली ॲथलेटिक्स आहे" हे कृपा करून थांबवा. ॲथलेटिक्स हा खेळ, तो खेळणारी ती ॲथलीट. आणि जिममध्ये जरा दंड फुगले की नावापुढे ॲथलीट लावणारे, त्यांना तर मूळ ग्रीक शब्द ऐकवायलाच हवा. 'आथ्लोस' म्हणजे झुंज, 'आथ्लोन' म्हणजे त्या झुंजीचं बक्षीस आणि 'आथ्लेतेस' म्हणजे बक्षिसासाठी झुंजणारा. शरीरयष्टीचा यात पत्ताच नाही! हरवायला समोर कुणीतरी हवं, बास. ग्रीक पुराणातला महावीर हेराक्लीस, त्याच्या गळ्यात पडलेली ती बारा महाकठीण कामं, त्यांनाही ग्रीकमध्ये 'आथ्लोस' हाच शब्द, आणि त्याच कुळातला 'आथ्लिओस' म्हणजे कष्टानं पिचलेला, दीनवाणा. ट्रॅकवर शेवटच्या फेरीत कुणाचाही चेहरा बघा, पटेल.

आता माझा आवडता मुद्दा. काही जण अजूनही सांगत असतात की अस्सल ॲथलीट पैशाला शिवत नाही, प्राचीन ग्रीक बघा कसे निव्वळ आनंदासाठी खेळायचे. अहो, शब्दातच बक्षीस बसलंय! प्राचीन ऑलिंपिक जिथे भरायचं त्या ऑलिंपियात फक्त ऑलिव्हच्या पानांचा मुकुट मिळायचा हे खरं, पण तिथे जिंकून घरी आलेल्याला अथेन्स शहर जन्मभर फुकट जेवायला घालायचं, आणि अथेन्सच्या स्वतःच्या स्पर्धेत तर ऑलिव्ह तेलाने भरलेले चित्रांचे रांजणच्या रांजण बक्षीस असत. हे सगळं बाजूला ठेवून एकोणिसाव्या शतकातल्या खात्यापित्या घरच्या इंग्रज साहेबांनी खेळून पैसे घ्यायचेच नाहीत असं सोवळं पाळायला सुरुवात केली आणि ते ग्रीकांच्या नावावर खपवलं. त्यात बळी गेला अमेरिकन ॲथलीट जिम थॉर्प. 1912 ला स्टॉकहोममध्ये त्याने पेंटॅथलॉन (पाच प्रकारांची स्पर्धा) आणि डेकॅथलॉन (दहा प्रकारांची) दोन्ही जिंकलं, आणि आधी कधीतरी बेसबॉल खेळून थोडे पैसे घेतले म्हणून 1913 मध्ये त्याची पदकं काढून घेतली. पाच आणि दहा 'आथ्लोन' जिंकलेल्या माणसाला बक्षिसाचा विटाळ! 1982 मध्ये ऑलिंपिक समितीने त्याला विजेतेपद परत दिलं तेही वाटून, एकट्याचं नाव लागायला 2022 उजाडलं. तो तर 1953 लाच गेला होता.

आणि हे सोवळं मराठीत आणताना पैसे न घेता खेळणाऱ्या 'ॲमॅच्युअर'साठी आपण शब्द कुठला घेतला, तर हौशी! हौस आली अरबी 'हवस'वरून, जिचा हिंदीतला अर्थ इथे लिहायला नको. म्हणजे बक्षिसासाठी खेळणारा बाटलेला आणि हवसवाला पवित्र, मला तर याची फार गंमत वाटते. कुणी म्हणेल हौस मराठीत आल्यावर निवळली, निवळली असेल, मूळ पुसलं जात नाही.

हां, खेळाडू. चालेल की, पण खेळाडूत खेळ आहे, झुंज नाही, आणि क्रीडापटूतला 'पटू' म्हणजे निपुण, तो हरला तरी निपुणच. धावणाऱ्याला धावपटू म्हणा, बाकी ठिकाणी ॲथलीटच राहू दे, मराठीत रुळलाय तो. बुद्धिबळवाला ॲथलीट का हे कृपया विचारू नका, मूळ अर्थाने बघाल तर तो जिमवाल्यापेक्षा जास्त आहे.