माऊस घ्यावा की ट्रॅकपॅडवरच भागवावं?
अरे, आधी काम काय करतोस ते बघ. नुसते मेल, वाचन, ब्राउझिंग असेल तर ट्रॅकपॅड पुरतो, दोन बोटांनी स्क्रोल, तीन बोटं वर सरकवली की विंडोजमध्ये उघड्या सगळ्या खिडक्या समोर, हे एकदा हाताला बसलं ना की माऊसची आठवण पण येत नाही. पण एक्सेलमध्ये दिवसभर सेल ड्रॅग करायचे असतील तर गुपचूप माऊस घे, मी सहा महिने हट्टाने ट्रॅकपॅडवर काढले आणि बोटं आखडून बसली. साधा वायरवाला पण चालतो, फक्त काचेच्या टेबलावर ऑप्टिकल माऊस, म्हणजे खालून लाइट पडणारा, नीट चालत नाही, खाली वही ठेव. आणि टाइप करताना तळहात लागून कर्सर उड्या मारत असेल तर सेटिंगमध्ये टचपॅड (म्हणजे ट्रॅकपॅडच) सेन्सिटिव्हिटी कमी कर.